मेंदूच्या वायरिंगमधून 'जाणीव' कशी तयार होते? न्यूरल नेटवर्कचं उत्तर कुठपर्यंत पोचतं?

गव्हाण फाट्यावरून रोज उलव्याकडे स्कूटर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. कंटेनर चुकवले, खड्डा आला तिथे ब्रेक मारला, वळणावर वळलो आणि घरी पोचल्यावर लक्षात आलं की मधला रस्ता आठवतच नाहीये. डोक्यात ऑफिसचं भांडण चालू होतं. मग गाडी चालवली कुणी?

मेंदूने. पण 'तुम्हाला' त्याची जाणीव नव्हती. (जाणीव होती, फक्त आठवण राहिली नाही, असंही काहींचं म्हणणं आहे.) मेंदूचं काम आणि जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी असतील, तर फरक नेमका कशात आहे? हा प्रश्न फक्त फिलॉसॉफीचा नाही. मुंबईत तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे.

परळच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयने हल्ला केला. गळा आवळल्यामुळे मेंदूचा ऑक्सिजन तुटला. त्यानंतर जवळपास ४२ वर्षं त्या त्याच हॉस्पिटलमध्ये होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने याचिका केल्यावर कोर्टाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीने सांगितलं की त्या ब्रेन डेड नाहीत, मात्र पर्मनंट व्हेजिटेटिव्ह स्टेटचे बहुतेक निकष लागू होतात. सांभाळणाऱ्या नर्सेसचं म्हणणं होतं की त्यांना आवडीनिवडी आहेत, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात.

आत कुणी होतं का? बाहेरून बघून हे ठरवायचं कसं?

मॉडेल काय सांगतात?

१९४३ मध्ये मॅककलक आणि पिट्स यांनी न्यूरॉनचं गणिती मॉडेल मांडलं. येणारे सिग्नल एका मर्यादेपलीकडे गेले की न्यूरॉन पेटतो, नाहीतर गप्प. आजच्या एआयचं मूळ तिथे आहे. मग भरपूर न्यूरॉन एकत्र आले की जाणीव तयार होते, असं म्हणायचं का?

इथेच गंमत आहे. आपल्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन असतात आणि त्यातले जवळपास ८० टक्के मागच्या बाजूच्या लहान मेंदूत. तरीही लहान मेंदूशिवाय जन्मलेली माणसं बोलतात, चालतात, त्यांना जाणीव असते. म्हणजे मुद्दा संख्येचा नाही, जोडणीचा आहे.

जोडणी कशी हवी, यावर दोन मोठी मतं आहेत.

पहिलं ग्लोबल वर्कस्पेस. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली, पुढे स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी तिचं कॉम्प्युटर मॉडेल केलं. गावाचं उदाहरण घ्या. घराघरात बोलणं चालूच असतं, पण ग्रामपंचायतीच्या लाऊडस्पीकरवर घोषणा झाली की ते सगळ्या गावाला कळतं. स्कूटर सांभाळणारे भाग आपापलं काम करत असतात. अचानक कुत्रा आडवा आला की ती बातमी स्पीकरवर जाते, आणि ती 'तुम्हाला' कळते.

दुसरं जुलियो तोनोनी यांचं, २००४ चं इंटिग्रेटेड इन्फर्मेशन. यात स्पीकर नाही. नेटवर्कचे भाग एकमेकांवर उलटसुलट किती परिणाम करतात, ते महत्त्वाचं. एकाच दिशेने माहिती पुढे ढकलणाऱ्या नेटवर्कची जाणीव या गणितात थेट शून्य येते, ते कितीही हुशार वागलं तरी. लहान मेंदूचं कोडं हे मत सोडवतं. पण त्याचे काही निष्कर्ष इतके विचित्र आहेत की २०२३ मध्ये शंभरहून जास्त संशोधकांनी त्याला उघड पत्र लिहून 'छद्मविज्ञान' म्हटलं. माझ्या मते तो शब्द जरा जास्तच होता.

दोन्ही मतांची समोरासमोर परीक्षाही झाली. २५६ जणांच्या मेंदूवरचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आले. दोघांचे काही अंदाज बरोबर निघाले, काही महत्त्वाचे चुकले. त्याआधीच, २०२३ मध्ये, न्यूरोसायंटिस्ट क्रिस्टोफ कॉख यांनी फिलॉसॉफर डेव्हिड चाल्मर्स यांना वाइनच्या बाटल्या दिल्या. जाणिवेची मेंदूतली खूण २५ वर्षांत सापडेल, अशी त्यांनी १९९८ मध्ये पैज लावली होती. ते हरले.

चाल्मर्स यांचा आक्षेप अजून उभाच आहे. माहिती कुठून कुठे गेली हे मॉडेल सांगेल, पण मिरची तिखट 'लागते' ती का, हे सांगत नाही. चॅटजीपीटीला तिखटाबद्दल पानभर लिहिता येतं, म्हणून त्याला ते लागतं असं होत नाही.

मग उपयोग काय?

उपयोग हॉस्पिटलच्या खाटेशी आहे. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी व्हेजिटेटिव्ह स्टेटमधल्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेय अशी कल्पना कर. तिच्या मेंदूचे तेच भाग उजळले, जे निरोगी माणसाचे उजळतात.

२०१३ मध्ये मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या टीमने तोनोनींच्या कल्पनेवरून एक चाचणी बनवली. डोक्यावर चुंबकीय झटका द्यायचा, उठलेले तरंग ईईजीवर नोंदवायचे आणि ती नोंद झिप फाईलसारखी दाबून बघायची. गाढ झोपेत किंवा भूल दिल्यावर ती फार लहान होते, जागेपणी तेवढी दबत नाही. पेशंटने बोट हलवायचीही गरज नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर सूचनांना वरून काहीच प्रतिसाद न देणारे २४१ पेशंट स्कॅन किंवा ईईजीने तपासले, त्यातले ६० मनातल्या मनात सूचना पाळत होते.

अरुणा यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. याचिका फेटाळली, पण काही अटींवर पॅसिव्ह इच्छामरणाला मान्यता दिली. झटक्याची ती चाचणी यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. १८ मे २०१५ रोजी केईएममध्येच अरुणा यांचं न्यूमोनियाने निधन झालं.