‘डॉट लोकल’ची कुळकथा

कार्यालयातील एखाद्या सर्व्हरचे ‘.लोकल’ने संपणारे नाव ‘एनएसलुकअप’ या आज्ञेला विचारले असता ती बिनचूक आयपी पत्ता देते आणि त्याच लिनक्स संगणकावरची ‘पिंग’ मात्र असे नावच नसल्याचे कळवते, हा अनेक नेटवर्क व्यवस्थापकांना चकवणारा प्रकार आहे. यात केबल, फायरवॉल आणि सर्व्हर निर्दोष असतात. दोष असतो तो एका शब्दाच्या दुहेरी कुळाचा.

नावांवरून पत्ते शोधण्याचा आरंभीचा इतिहास परिचित आहे. अर्पानेटची सर्व नावे प्रथम एकाच मजकूर-फाइलमध्ये ठेवली जात आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या डीएनएस पद्धतीने त्या फाइलची जागा घेतली. या पद्धतीत नाव म्हणजे दप्तरातील नोंद असते, आणि ज्या सर्व्हरकडे ते दप्तर असते त्यालाच ते विचारावे लागते.

‘.लोकल’चे दुसरे कूळ मात्र या दप्तरात नसून छपाईयंत्राजवळ सापडते. अ‍ॅपलने १९८५ मध्ये लेझररायटर हा प्रिंटर आणला, तेव्हा तो अनेक मॅकिंटॉश संगणकांनी वाटून घ्यावा यासाठी अ‍ॅपलटॉक हे जाळे वापरले. त्यातील ‘नेम बाइंडिंग प्रोटोकॉल’ या नियमावलीत नावाचे दप्तर सांभाळणारा कोणी नव्हता. संगणक जाळ्यावर हाक मारी आणि ज्याचे नाव असेल तो प्रिंटर स्वतःच ओ देई. नावाचे तीन भाग असत : वस्तू, प्रकार आणि विभाग; विभागाच्या जागी नुसती तारका लिहिली की ‘हाच विभाग, इथलाच’ असा अर्थ होई.

ही हाक आयपी नेटवर्कात आणण्याचा आग्रह स्टुअर्ट चेशायर यांनी धरला आणि ती २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ मधून ‘राँदेव्हू’ या नावाने बाहेर पडली; पुढे २००५ मध्ये तिचेच ‘बाँझूर’ झाले. या पद्धतीत नावांच्या शेवटी येणारे ‘.लोकल’ हे त्या तारकेचेच शब्दरूप होय, असे अनुमान येथे मांडायचे आहे. ‘लोकलटॉक’ या अ‍ॅपलच्या जुन्या नावाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु ते तारांच्या जोडणीचे नाव होते, नावे शोधण्याच्या रीतीचे नव्हे. याउलट, हाकेच्या या रीतीची, म्हणजे ‘मल्टिकास्ट डीएनएस’ची, व्याख्या करणाऱ्या आरएफसी ६७६२ या मानक दस्तऐवजासोबतच, फेब्रुवारी २०१३ मध्ये, आरएफसी ६७६० प्रसिद्ध झाला, आणि त्याचा विषयच अ‍ॅपलटॉकच्या त्या नियमावलीची जागा घेऊ शकेल अशा नियमावलीकडून असलेल्या अपेक्षा हा आहे. वंशावळीचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळतो.

प्रतिपक्ष असा, की अ‍ॅपलने दुसऱ्याचा शब्द बळकावला. विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आल्यावर बाहेरच्या इंटरनेटशी संबंध नको म्हणून अनेक कार्यालयांनी आपल्या अंतर्गत डोमेनला ‘.लोकल’ जोडले होते आणि मायक्रोसॉफ्टची स्मॉल बिझनेस सर्व्हर ही प्रणाली तर ते आपण होऊन सुचवीत असे. कालक्रमाच्या दृष्टीने या तक्रारीत तथ्य आहे. हक्काच्या दृष्टीने नाही, कारण १९९९ च्या आरएफसी २६०६ ने राखून ठेवलेल्या ‘.टेस्ट’, ‘.एक्झाम्पल’, ‘.इनव्हॅलिड’ आणि ‘.लोकलहोस्ट’ या चार नावांत ‘.लोकल’ नव्हतेच. व्यवस्थापकांना ‘लोकल’ म्हणजे ‘आमचे’ अभिप्रेत होते, तर प्रिंटरवाल्यांना ‘इथले’. मराठीत हे दोन शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरणार नाही, इंग्रजीत मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात मावले.

आरएफसी ६७६२ ने निकाल ‘इथले’च्या बाजूने दिला : ‘.लोकल’ने संपणारे नाव २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर पुकारले गेलेच पाहिजे. म्हणूनच अनेक लिनक्स वितरणांच्या ‘एनएसस्विच’ फाइलमध्ये, म्हणजे नावे कोणाला कोणत्या क्रमाने विचारायची हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये, ‘होस्ट्स’च्या ओळीत ‘एमडीएनएस४_मिनिमल’ हा शब्द ‘डीएनएस’च्या आधी येतो आणि त्याला जोडलेली कंसातील सूचना हाकेला ओ न आल्यास शोध तिथेच थांबवते. ‘पिंग’ या फाइलच्या वाटेने जाते. ‘एनएसलुकअप’ ती न पाहता थेट डीएनएस सर्व्हर गाठते. ‘एमडीएनएस४_मिनिमल’ ज्याचे नाव आहे त्या मॉड्यूलच्या पुढील आवृत्त्यांनी स्थानिक डीएनएसमध्ये ‘.लोकल’ची नोंद आहे का हे आधी तपासण्याची तडजोड स्वीकारली.

जुने डोमेन बदलणे शक्य नसेल, तर त्या ओळीत ‘डीएनएस’ला अग्रस्थान द्यावे. नवे जाळे उभारणाऱ्याने मात्र स्वतःच्या नोंदणीकृत डोमेनचा उपविभाग घ्यावा, अथवा आयकॅनने जुलै २०२४ मध्ये खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवलेले ‘.इंटर्नल’ घ्यावे.