आजऱ्याची वाट आणि शेतावरचा पाहुणा



कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, सह्याद्रीच्या घाटमाथ्याशीं लागून असलेल्या आजरा तालुक्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे प्रथम एका वाटेचा इतिहास सांगितला पाहिजे. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि पुढें घाट उतरून सावंतवाडी अशी ही वाट देश आणि कोंकण यांना जोडते. आंबोलीस उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र उलट दिशेनें, आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे वाहत जाते. तिच्या कांठीं रामतीर्थाचा धबधबा आहे व तेथें महाशिवरात्रीला जत्रा भरते. तेव्हां परका मनुष्य आजऱ्याला कधींच नवा नव्हता. गाडीवान आला, यात्रेकरू आला. त्याला पाणी मिळालें, भाकरी मिळाली. त्याचे पैसे घेणें मात्र घरच्या अब्रूला शोभणारें नव्हतें.

पाहुण्यावर पैसा मिळवितां येतो हें या भागाला प्रथम दिसलें तें आंबोलीस. वेंगुर्ले-बेळगांव रस्ता झाल्यावर, १८८० च्या सुमारास, सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनीं त्या गांवाला थंड हवेच्या ठिकाणाचें रूप दिलें. परंतु थंड हवेच्या ठिकाणीं जाणारा पाहुणा हवा खातो, शेतकऱ्याचें धान्य नव्हे. त्याच्या येण्यानें बंगले वाढतात. शेत होतें तेथेंच राहतें.

आजरा त्या काळीं कोल्हापूर राज्यांतील इचलकरंजी जहागिरीचा एक महाल होता. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पण तत्पूर्वींच येथील तरुणांनीं मुंबईची वाट धरली होती. जमिनीचे तुकडे लहान, पाऊस अफाट, आणि रोख पैसा गिरणींतून येणाऱ्या मनिऑर्डरीचा. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो आधारहि डळमळला. गांवांतच चार पैसे कसे मिळतील, हा प्रश्न तेव्हांपासून अधिकच बोचूं लागला. कोणी काजूकडे वळले, कोणी उसाकडे.

या ओढाताणींत मागें पडलें तें येथलें घनसाळ भात. दाणा आंखूड, पण शिजतांना वास घरभर दरवळतो. मात्र तें तयार होण्यास दिवस फार लागतात आणि उतारा कमी पडतो. २०१६ सालीं 'आजरा घनसाळ' या नांवाला भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाला कायद्याचें कवच मिळालें हें चांगलेंच. परंतु खरें घनसाळ कोणतें हें शहरांतल्या गिऱ्हाइकाला दुकानांत उभें राहून ओळखतां येत नाहीं. भलताच तांदूळ त्या नांवानें विकला गेला, तर नुकसान होतें तें कष्टानें खरें भात पिकविणाऱ्याचें.

येथेंच कृषिपर्यटनाचा खरा उपयोग आहे. महाराष्ट्रांत या कल्पनेला संघटित रूप आलें तें बारामतीजवळच्या पळशीवाडीस, २००५ च्या सुमारास, श्री. पांडुरंग तावरे यांच्या प्रयत्नानें. पुढें २०२० सालीं राज्य शासनानें त्यासाठीं स्वतंत्र धोरणहि स्वीकारलें. इटली देशानें असा कायदा १९८५ सालींच केला होता. आणि त्यांतलें मुख्य सूत्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे: शेती हा मूळ धंदा, पाहुणचार हा पूरक. शेत बंद पडलें कीं पाहुण्यांचा व्यवसायहि त्या नांवानें चालवितां येऊं नये.

आजऱ्याला हें सूत्र विशेष लागू पडतें. पावसाळ्यांत रोपलावणीच्या वेळीं चिखलांत पाय घातलेलें आणि दिवाळीनंतर खळ्यावर मळणी पाहिलेलें कुटुंब घरीं परततांना दहा किलो तांदूळ घेऊन जाईल, आणि पुढच्या वर्षीं पत्र पाठवून मागवील. खोलीचें भाडें एक दिवसाचें. हें गिऱ्हाईक कायमचें. उलट, भातखाचरें बुजवून पोहण्याचे तलाव बांधले, तर आंबोलीचाच जुना अनुभव पुन्हां येईल, आणि पाहुण्याला दाखविण्यासारखें कांहीं उरणार नाहीं.

आणखी एक गोष्ट. पाहुणचाराचा खरा भार चुलीपुढें बसणाऱ्या गृहिणीवर पडतो. पूर्वीं तो अब्रूसाठीं होता, म्हणून त्याचा हिशेब कोणी मांडला नाहीं. आतां मोल घ्यावयाचें ठरलें आहे, तर त्यांतला तिचा वाटा तिच्याच हातीं पडला पाहिजे. नाहींतर घराला उत्पन्न मिळेल आणि तिला केवळ वाढीव काम.

शहरांतील श्रोत्यांना एवढेंच सांगणें आहे: आजऱ्यास अवश्य जावें, धबधबा पाहावा, पण परततांना शेतकऱ्याच्या कणगींतलें धान्य त्याच्याच दरानें घेऊन यावें. घनसाळ टिकेल तें त्या खरेदीनें.