‘स्थानिक’ म्हणजे नक्की कोण? परप्रांतीयांवरच्या वादातले मुद्दे कसे तपासायचे

१९४५ साली हर्सूलमध्ये पुण्याहून आलेला मराठी माणूस ‘बाहेरचा’ ठरायचा, आणि तोही कायद्याने. औरंगाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९१९ पासून तिथे ‘मुलकी’ नियम लागू होते. खास परवानगी नसेल तर सरकारी नोकरी फक्त मुलकी माणसाला. जन्माने मुलकी नसाल तर संस्थानात १५ वर्षं कायम वास्तव्य हवं, शिवाय ‘मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडला आहे’ असं मॅजिस्ट्रेटपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र हवं. म्हणजे वरंगळचा तेलुगू माणूस आपला आणि पुण्याचा मराठी माणूस गैरमुलकी. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हे गणित उलटं झालं. माणसं तीच होती, सीमा तेवढी सरकली.

आज ‘परप्रांतीय हटवा’ आणि ‘देश सगळ्यांचा आहे’ अशा दोन्ही पोस्ट तुमच्या फीडमध्ये येतात. दोन्हीकडे काही मुद्दे दमदार आहेत, काही नुसतेच जोरात मांडलेले.

पंधरा वर्षांचा आकडा

पहिला प्रश्न हाच विचारा: पोस्ट लिहिणारा ‘स्थानिक’ कुणाला म्हणतोय? राज्यात जन्मलेल्याला, मराठी बोलणाऱ्याला, की अमुक वर्षं राहिलेल्याला? गंमत म्हणजे मुलकी नियमातली १५ वर्षं पुन्हा पुन्हा डोकं वर काढतात. जानेवारी २०१० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या टॅक्सी परवान्यासाठी १५ वर्षांचं वास्तव्य आणि मराठीची अट घातली. देशभर गदारोळ झाला आणि भाषेच्या अटीवर सरकारने लगेच माघार घेतली. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक आणलं. त्यातही राज्यात जन्म, १५ वर्षांचं वास्तव्य आणि कन्नड लिहिता-वाचता येणं अशा अटी होत्या. ते थांबवलं गेलं. लागू झालं असतं, तर बेंगळुरूत आयटीत काम करणारा संभाजीनगरचा मुलगा ‘परप्रांतीय’ म्हणून बाजूला पडला असता.

राज्यघटना इथे बरीच स्पष्ट आहे. कलम १९ नुसार नागरिकाला देशात कुठेही जाता-राहता येतं. कलम १६ नुसार सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा वास्तव्यावरून भेद करता येत नाही. वास्तव्याची अट घालायचीच तर तो अधिकार फक्त संसदेला. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना ठेवणारा कायदा केला, तो २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला.

‘एवढे कोटी स्थलांतरित!’

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले गेले. आकडा ऐकून छाती दडपते. पण जनगणनेत आधीचं राहण्याचं ठिकाण बदललं की माणूस स्थलांतरित. फुलंब्रीची मुलगी लग्न होऊन हर्सूलला आली, तीही त्यात. या ४५ कोटींत लग्नामुळे गाव बदललेल्या बायकाच सगळ्यात जास्त आहेत. राज्याची सीमा ओलांडणारे सुमारे साडेपाच कोटी, म्हणजे आठात एकाच्या आसपास. त्यामुळे आकड्याची पोस्ट दिसली की बघा, ती राज्याबाहेरून आलेल्यांबद्दल आहे की सगळ्यांची बेरीज करून घाबरवतेय.

काम कुणी पळवलं?

हा या वादाचा गाभा. विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीसाठी जमिनी इथल्या शेतकऱ्यांच्या गेल्या. सरकारने कारखान्यांना सवलती दिल्या, त्या बदल्यात ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात असं सरकारचं धोरण आहे. ते नीट पाळलं जातं का, हे विचारण्यात द्वेष कुठे आला? १९५३ च्या नागपूर करारातही मराठवाड्याला सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा कबूल झाला होता. मागास भागाचं हे मागणं जुनं आहे.

पण ‘बिहारी आला म्हणून माझी नोकरी गेली’ हे वाक्य एक पायरी गाळतं. कामावर घेतो ठेकेदार. त्याला बाहेरचा माणूस आवडतो, कारण तो साइटवरच राहतो, बारा तास काम करतो, तक्रार केली तर जायला त्याला घर नसतं. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराला परवाना, स्थानिकांइतकीच मजुरी, प्रवासभत्ता अशी बंधनं होती. ती पाळली गेली असती तर बाहेरचा मजूर स्वस्त पडला नसता आणि स्थानिकाचा भावही पडला नसता. दोघांचं हित इथे एकच आहे. हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या पोस्टमध्ये क्वचितच सापडतो.

समोरून येणारं ‘मराठी पोरांना कष्ट नकोत’ हे वाक्यही तितकंच पोकळ. दर दिवाळीच्या सुमाराला बीड, जालन्याकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून ऊसतोड कामगार कोल्हापूर-सांगलीला आणि कर्नाटकात जातात. मराठवाडा माणसं घेतो तशी पाठवतोही. कोल्हापूरला गेलेल्या कोयत्याला १९७९ चा कायदा लागूच नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडली नाही!

८ मे २०२० ला पहाटे याच जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर मेले. जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला असलेली ही मध्य प्रदेशची माणसं. लॉकडाउनमध्ये काम बंद पडलं, ती रुळांवरून चालत गावी निघाली होती आणि थकून तिथेच झोपली. जी माणसं ‘आपल्या नोकऱ्या खातात’ असं आपण म्हणतो, त्यांच्या हातात टाळेबंदीत काय उरलं होतं, हेही या हिशोबात धरावं लागतं.

पाणी, गर्दी आणि भाषा

‘बाहेरच्यांमुळे नळाला पाणी नाही’ ही इथली खास तक्रार. वस्ती वाढली की मागणी वाढते, हे खरं. पण शहराला कित्येक दिवसांआड पाणी येतं ते जायकवाडी भरलेलं असतानाही. अडचण धरणापासून शहरापर्यंतच्या जुन्या, अपुऱ्या जलवाहिन्यांची आहे. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही.

भाषेचा मुद्दा वेगळा आहे आणि माझ्या मते तो नोकरीच्या मुद्द्यापेक्षा स्वच्छ आहे. ‘इथे राहता तर मराठी शिका’ ही अट शिकून पुरी करता येते. ‘इथे जन्माला या’ ही येत नाही. अर्थात शिका म्हणणं आणि शिकला नाही म्हणून फेरीवाल्याच्या कानाखाली मारणं, यात दुसरी गोष्ट सरळ गुन्हा आहे.

परप्रांतीय आणि परदेशी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बिहारहून आलेला माणूस नागरिक आहे. बांगलादेशातून कागदपत्रांविना आलेला परदेशी आहे. दोघांना लागू होणारे कायदे पूर्ण वेगळे. सरकारने बेकायदा आलेल्यांना शोधून परत पाठवावं, या मागणीला कायद्याचा आधार आहे. प्रश्न येतो तो ओळखायचं कसं, यावर. परदेशी असल्याचा आरोप झाला की आपण भारतीय आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच येते.

आणि इथेच कागद महत्त्वाचा ठरतो. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांचा गैरवापर होतोय असे आरोप झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने असे दाखले देणं थांबवलं आणि नंतर पडताळणी कडक केली. बनावट दाखले पकडायलाच हवेत. पण घरीच बाळंतपण झालेली, जन्माची नोंद कधीच न झालेली माणसं मराठवाड्याच्या खेड्यांत कमी नाहीत, आणि त्यात सगळ्या जातीधर्मांचे लोक आहेत. १९५२ साली हैदराबादमध्ये गैरमुलकींविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हाही मोठी तक्रार खोट्या मुलकी प्रमाणपत्रांचीच होती. सप्टेंबरात तिथे पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्या आंदोलकांच्या लेखी मुंबई प्रांतातून आलेला मराठी अधिकारीही बाहेरचाच होता.