नाताळ, 'स्मृतिचित्रे' आणि आपल्या घरच्या गोष्टी



डिसेंबर लागला की सबाह अल-सालेममध्ये दोन गोष्टी एकदम होतात. कपाटाच्या तळाशी गेलेले स्वेटर बाहेर येतात आणि मंडळाच्या बैठकीत "या वर्षी नाताळचे काय?" हा विषय निघतो. उत्तर ठरलेले असते: मुलांसाठी केक, कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज आणि चिठ्ठ्यांचा खेळ. गेल्या वर्षीही तेच झाले. कार्यक्रम संपल्यावर आपल्यातील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या आजी, ज्या नगरहून नातवंडांकडे आल्या होत्या, खुर्च्या आवरता आवरता म्हणाल्या, "छान झालं हो सगळं. पण आमच्याकडे नाताळात गोष्टी सांगतात. कोण कुठून आलं, कुणी काय सोडलं, ते."

त्याआधी आम्ही आजींना एकच प्रश्न विचारला होता: "तुम्ही घरी मराठीच बोलता का?" त्या हसून म्हणाल्या, "मग दुसरं काय बोलणार?" त्या रागावल्या नाहीत, पण तो प्रश्न आम्हालाच वर्षभर टोचत राहिला. हा लेख म्हणजे त्याचे थोडेसे प्रायश्चित्त समजावे.

नाताळची मूळ कथा ही एका घराचीच गोष्ट आहे. मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते तेच वंशावळीने. अब्राहामापासून नावांची लांबलचक यादी आहे आणि तिच्यात रूथसारखी परक्या मवाब देशातून आलेली सूनही आहे. पुढे लूकच्या वृत्तान्तात नावनोंदणीसाठी मूळ गावी जावे लागणारे जोडपे भेटते, तर मत्तयाच्या वृत्तान्तात रातोरात मिसर देशात आश्रयाला जाणारे कुटुंब. कागदपत्रे, परमुलूख आणि लहान मूल या तीन गोष्टी आपल्यापैकी कोणाला समजावून सांगाव्या लागतील असे वाटत नाही.

ही कथा मराठीत आली त्याला चारशेहून अधिक वर्षे झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठीची थोरवी आपण शाळेत वाचतो, पण ग्रंथ रचण्याचे कारण क्वचितच सांगितले जाते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची तक्रार पुराणाच्या आरंभीच येते: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? माणसाचा देव बदलला तरी संध्याकाळी बसून गोष्ट ऐकण्याची सवय सुटत नाही, हे त्या पाद्र्याने ओळखले. पुढे घरोघरी जपलेल्या हस्तलिखितांमुळे हा ग्रंथ टिकला आणि १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापून प्रसिद्ध केला. छापील प्रतींनी जे साधले नाही ते घरांनी साधले, असे म्हणायला हरकत नाही.

पण 'कोण कुठून आलं, कुणी काय सोडलं' याचा मराठीतला सर्वांत मोठा साठा म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ज्यांनी वाचली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील कमालीचे सोवळे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची हा घरचा नियम आणि त्यातून मीठसुद्धा सुटत नसे. मीठ धुतले की किती उरते, हे आम्हा रसायनशास्त्राच्या मंडळींना वेगळे सांगायला नको! वाचताना हसू येते, पण त्या हसण्यामागे त्या घरातल्या बायकांची किती दमछाक असेल, हे दुसऱ्या वाचनात लक्षात येते.

लहानपणीच त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, विद्वान आणि अत्यंत लहरी. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबलचा 'नवा करार' दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कडक ब्राह्मणी घरातल्या बायकोच्या दृष्टीने हा नवरा जिवंतपणीच गमावण्याचा प्रकार होता. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह पंढरपुरात राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सांभाळले, स्वयंपाक वेगळा ठेवला. मग एका प्रवासात, रात्री, जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि उत्तर सापडल्यावर त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. वडिलांच्या घरी मीठ धुणाऱ्या मुलीने केलेला हा प्रवास आहे, हे लक्षात घ्यावे. १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) हे आत्मचरित्रही महत्त्वाचे आहे. आपण धर्म का बदलला, हे ते नीट सांगते. लक्ष्मीबाई सांगतात ते निराळे: धर्म बदलल्यावर चुलीचे काय झाले, पैसे कसे पुरले, भांडण कसे झाले आणि मिटले कसे. टिळकांवर त्यांचे अपार प्रेम होते, पण त्यांचा संताप आणि विक्षिप्तपणा त्या झाकत नाहीत. स्वतःच्या फजितीही लपवत नाहीत. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाई गेल्या. त्यांना लिहिते करण्यात मुलगा देवदत्त, म्हणजे तोच पंढरपूरचा दत्तू, याचा मोठा वाटा होता. मुलाने विचारले म्हणून आईने सांगितले. न विचारता तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

या पुस्तकात उपदेश फार थोडा आहे, तरीही ते वाचून माणूस अंतर्मुख होतो. आम्हाला याचे कारण असे वाटते की, खरी गोष्ट सांगताना सांगणाऱ्याला आपल्या चुकांशी समेट करावा लागतो. क्षमा, कृतज्ञता हे शब्द प्रवचनात मोठे वाटतात. घरच्या गोष्टीत त्यांना नाव, गाव आणि तारीख मिळते.

आता आपल्या कुवेतकडे वळू. फैलका बेटावर अल-कुसूर येथे १९८९ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना एका प्राचीन चर्चचे अवशेष सापडले. म्हणजे नाताळ या किनाऱ्याला नवा नाही. शहरातील 'अमेरिकानी' ही वास्तू आज सांस्कृतिक केंद्र आहे, पण ते अमेरिकन मिशनचे रुग्णालय होते. १९१२ साली येथे आलेल्या डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली यांनी कुवेती बायकांवर उपचार केले आणि त्या आठवणी पुढे पुस्तकात लिहिल्या. होली फॅमिली कॅथीड्रल १९६१ सालचे. 'होली फॅमिली' म्हणजे पवित्र कुटुंब, हे नावही या लेखाला साजेसेच. पंचवीस डिसेंबरला येथे सार्वजनिक सुटी नसते. आपली ख्रिस्ती मंडळी कामावरून येऊन सण साजरा करतात. गणपतीत आपण सगळे हेच करतो, नाही का?

आणि २ ऑगस्ट १९९०? इराकी आक्रमणानंतर दीड लाखाहून अधिक भारतीय येथून मायदेशी गेले. बहुतेक जण बसने इराकमार्गे अम्मानला आणि तेथून एअर इंडियाच्या विमानांनी. आमच्या पिढीने हे केवळ ऐकले आहे, तेही तुकड्यातुकड्यांनी. एका काकांनी बसचा प्रवास तीनदा रंगवून सांगितला. मागे राहिलेल्या शेजाऱ्याबद्दल विचारले तेव्हा ते गप्प झाले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "ते नंतर कधीतरी." त्यांची खरी गोष्ट त्या 'नंतर'मध्येच असावी. ती मंडळी आता एकेक करून भारतात परत चालली आहेत. मुले विचारणार नाहीत, तर ती गोष्ट सामानाच्या खोक्यांबरोबर निघून जाईल.

म्हणून या वर्षी एक विनंती. केक असेलच, सांताक्लॉजही येईल. मुलांना नाराज करण्याचे धैर्य कार्यकारिणीत नाही! पण त्यानंतर एक तास गोष्टींसाठी राखून ठेवला आहे. प्रत्येक घराने एकच गोष्ट आणावी. धर्माची अट नाही. यशाचीच असावी असेही नाही. एखादी न मिटलेली असली तरी चालेल. मुलांनी वही-पेन आणावे आणि लिहून घ्यावे.

नगरच्या आजी पुन्हा आल्या आहेत. सुरुवात त्या करणार आहेत. या वेळी आम्ही त्यांना भाषेबद्दल काही विचारणार नाही. फक्त ऐकणार आहोत.

सर्वांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!