विलायती शिरीषाचे भाडेकरू

वर्षावृक्षाला मराठीत विलायती शिरीष असंही म्हणतात. परकेपण नावातच आहे. रस्तारुंदीच्या वादात हल्ली तेच त्याच्याविरुद्ध पुढे येतं: झाड परदेशी आहे, तोडलं तर काय बिघडलं? मी नोकरीसाठी बंगळुरात राहतो. या शहरात हा प्रश्न टाळता येत नाही, कारण इथली सावली बरीचशी परदेशी आहे.

हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. 1800 साली हम्बोल्टने व्हेनेझुएलात याच जातीचा एक वृक्ष पाहिला. त्याच्या घेराचं माप त्याने 576 फूट नोंदवलंय. हा घेर खोडाचा नव्हे, छत्रीसारख्या पसरलेल्या माथ्याचा! पुढे 19व्या शतकात हे झाड आशियात आलं. 1876 साली ते सिंगापुरात पोचलं. वसाहतींच्या नव्या रस्त्यांना लवकर वाढणारी, रुंद सावली हवी होती. हे झाड ती देत होतं.

बंगळुरूचा मूळ प्रदेश कोरड्या, खुरट्या झुडपांचा. तिथे हिरवं छत उभं राहिलं ते माणसांनी लावल्यामुळे. त्यात मोठं नाव जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांचं. ते आधी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात होते. 1908 साली म्हैसूर संस्थानाने त्यांना लालबागेत आणलं. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, अशा हिशेबाने रस्त्यांवर झाडं लावायची कल्पना त्यांच्याच नावावर सांगतात. 1956 साली ते बंगळुरातच वारले.

झाडं मोठी झाली तसे भाडेकरू येत गेले. उंच दुबेळक्यांत घारी घरटी बांधतात. वाळक्या फांदीत तांबट ढोली कोरतो. गोड, चिकट शेंगांवर खारी आणि माकडं तुटून पडतात, खाली पडलेल्या गाईबकऱ्या खातात. गुलाबी तुऱ्यांवर मधमाश्या असतात. 'ग्रास यलो' गटातल्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या याची पानं खातात. यातल्या कुणीही झाडाचा जन्मदाखला मागितलेला नाही.

म्हणून हे झाड निर्दोष ठरत नाही. मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाने कितीतरी वर्षावृक्ष उभ्या उभ्या वाळवले. रस्त्याच्या रस्ता एकाच जातीवर टाकला की एक कीड सगळा रस्ता उघडा पाडते. त्यामुळे नवी लागवड करताना करंज, कडुनिंब, जांभूळ, वड असं मिश्रण हवंच. तिथे देशी झाडांचा आग्रह मला पूर्ण पटतो.

पण लावायचा निकष तोडायला वापरणं हा वेगळा व्यवहार आहे. शंभर वर्षांच्या झाडाच्या बदल्यात दहा देशी रोपं लावली, तरी कागदावरची संख्या तेवढी वाढते. घारीला घरट्यासाठी दुबेळकं मिळायला पुढची कित्येक वर्षं जातात. तोवर ती कुठे राहणार, याचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

हम्बोल्टने त्या महावृक्षाबद्दल आणखी एक नोंद केलीय. त्याची फांदी तोडणाऱ्या एका कुळावर खटला चालला होता आणि कोर्टाने त्याला दोषी ठरवलं होतं.