बाळंतिणीचा काढा आणि मुलाची पुडी

आज आम्ही गटातल्या बाया तुमच्याशी काढ्यांबद्दल बोलणार आहोत. सर्दी-पडशाचा तुळस-आल्याचा काढा नव्हे. तो तुम्ही डोळे मिटून करता, त्यासाठी रेडिओ कशाला लावायचा? आम्हाला बोलायचंय ते बाळंतिणीच्या खोलीतल्या काढ्यांबद्दल, आणि त्या भांड्यात औषधाबरोबर जी इच्छा उकळत आली आहे तिच्याबद्दल.

विषय निघाला तो असा. आमच्या गटातल्या एका सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. पहिली मुलगी. महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे काढताना तिच्या पिशवीतून कागदाची एक पुडी खाली पडली. सासूने लांबून कुणाकडून तरी आणलेली. पहाटे, उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. म्हणजे मुलगाच होतो. तिने आम्हाला विचारलं, "बाई, ह्यात असतं तरी काय?" आम्ही पंधरा जणी बसलो होतो, एकीलाही सांगता आलं नाही. दोघी मात्र मान खाली घालून बसल्या. त्यांनीही आपापल्या वेळी अशी पुडी घेतली होती, हे नंतर कळलं.

मग आम्ही शोधायला लागलो. जुन्या बायांना विचारलं, नर्सताईंना विचारलं, आणि चरकसंहितेचं मराठी भाषांतर आणून गटात मोठ्याने वाचलं. हा ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यातल्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय वाचताना आमच्यातली सर्वांत म्हातारी बाई एकदम म्हणाली, "अगं, हे तर आमच्या माजघरातलंच लिहिलंय!"

खरंच तसं आहे. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी मुसळ आडवं ठेवा, असं त्यात सांगितलंय. वेखंड, हिंग, मोहरी, अळशी, लसूण यांची पोटली करून दाराच्या चौकटीला वर बांधा. तशीच आईच्या नि बाळाच्या गळ्यात बांधा, पाण्याच्या माठाला, अंथरुणालाही बांधा. खोलीत विस्तव सतत पेटता ठेवा. दहा-बारा दिवस बायांनी जागं राहावं. आणि त्या बाया कशा असाव्यात? स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, प्रेमळ, कामात हुशार, कष्टाला न कंटाळणाऱ्या. नाव मात्र एकीचंही नाही. वैद्यांची नावं राहिली, सुइणींची गेली. असो.

त्याच अध्यायात बाळंतिणीच्या पोटाचाही विचार आहे. तिला भूक लागली की पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचं चूर्ण घालून तूप द्या, पचेल तेवढंच द्या. मग याच पिंपळी-सुंठीने सिद्ध केलेली पातळ पेज द्या. म्हणजे एका बाजूला पाचक औषध, दुसऱ्या बाजूला दारावरची पोटली. लिहिणाऱ्याला ह्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या. आपल्या आज्यांनाही वाटत नव्हत्या.

आपल्याकडे हेच पुढे चालत आलं. औषधांच्या दुकानात बाळंतकाढ्याच्या १, २, ३ असे आकडे घातलेल्या बाटल्या मिळतात त्या सगळ्यांनी पाहिल्या असतील: पहिले दहा दिवस, दुसरे दहा दिवस, तिसरे दहा दिवस. जुन्या देवदार्व्यादि काढ्यात देवदार, वेखंड, सुंठ, पिंपळी, नागरमोथा, हिरडा, गोखरू असं सगळं येतं. बाटल्या येण्याआधी हे घरातच कुटत, आणि एक भाग राहीपर्यंत आटवत. जोडीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा, आणि शेगडीत ओवा नि वावडिंग टाकून दिलेली धुरी. यातलं सगळंच बरोबर होतं असं आम्ही म्हणत नाही. कोंडलेल्या खोलीतला धूर तान्ह्या बाळाला बाधतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत तर चुकीचीच होती. दूध पाजणारीला तहान जास्त लागते, आणि तिला आपण घोट मोजून देत होतो! पण अळिवात लोह भरपूर असतं, आणि रक्त गेलेल्या बाईला ते हवं असतं. हे आज्यांनी तपासणीच्या कागदावरून नाही, बाईच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं.

आता पाचवी-सटीकडे येऊ. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लेख लिहिते. उशाखाली विळा. रात्रभर जागरण. आम्ही लहानपणी हे गमतीने बघायचो. मोठ्या बाया मात्र त्या रात्री भ्यालेल्या असायच्या, ते का हे आता कळतंय. बाळाची नाळ अस्वच्छ पात्याने कापली किंवा तिला शेण-राख लावली, तर धनुर्वाताचे जंतू आत जातात. तो लगेच दिसत नाही. बाळ तीन-चार दिवस चांगलं पितं, आणि मग बऱ्याचदा सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, अंग कमानीसारखं ताठ होतं. पाचव्या-सहाव्या रात्रीची भीती ह्या अनुभवातूनच आली असावी, असं आम्हाला वाटतं. उशाखालचा विळा राखण करतो म्हणायचं, आणि कित्येक घरांत नाळही विळ्यानेच कापायची. या दुखण्यावर वेखंड चाललं नाही, हिंग चाललं नाही, कुठलाच काढा चालला नाही. चाललं ते गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन आणि नवं पातं. २०१५ साली आपला देश माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताच्या बाबतीत निर्धोक ठरला. ही बातमी आली तेव्हा गावात कुणी पेढे वाटले नाहीत. वाटायला हवे होते.

ह्याच खोलीबद्दल एका मराठी बाईने परदेशात बसून प्रबंध लिहिला. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५. वयाच्या चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. त्या दुःखातून उठल्या, १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. जगातला कुठलाही विषय घेता आला असता, पण त्यांनी घेतला तो आपल्या बाळंतिणीच्या खोलीचा. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांचा विभाग त्या सांभाळणार होत्या. पण क्षयाने १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

गुटीबद्दलही थोडं सांगून टाकतो, कारण त्याशिवाय हा इतिहास गोडगोड होईल. सहाणेवर उगाळायच्या हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, वेखंड यांच्यापर्यंत गोष्ट थांबली नव्हती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायांची पाहणी झाली. त्यात दिसलं की बहुतेकींच्या तान्ह्यांना अफूची गोळी दिली जाते. बाळगोळी म्हणायचे तिला. आई वाईट नव्हती. दिवसभर साच्यावर उभं राहायचं, बाळ खोलीत. ते झोपून राहिलं तर निभावणार. घरच्या औषधात काय पडतं हे घरची गरज ठरवते, एवढं त्यातून आम्हाला दिसलं. आज सहा महिने निव्वळ आईचं दूध द्या, गुटी नको, मध नको, असं आशाताई सांगतात त्यामागे असा मोठा अनुभव आहे.

आता पुडीकडे. चरकाच्या ज्या अध्यायात वेखंडाची पोटली आहे, त्यातच पुंसवनही आहे, म्हणजे मुलगा व्हावा म्हणून करायचा विधी. गोठ्यात वाढलेल्या वडाच्या पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या फांदीचे न किडलेले कोंब घ्यायचे, दोन टपोरे उडीद किंवा दोन पांढऱ्या मोहऱ्या घ्यायच्या, दह्यात घालून पुष्य नक्षत्रावर प्यायचं. आमच्या सुनेच्या पुडीवरची पूर्व दिशा नि गोऱ्ह्याची आई कुठून आली ते वाचताच समजलं. दोन हजार वर्षांत फांदीऐवजी तोंड पूर्वेकडे वळलं, एवढाच फरक.

पण मुलगा की मुलगी हे कशाने ठरतं? याचं उत्तर शोधणाऱ्यांतही एक बाई होती. नेटी स्टीव्हन्स. आनंदीबाई शिकल्या त्या फिलाडेल्फियाच्या शेजारीच ब्रिन मॉर नावाचं मुलींचं महाविद्यालय आहे, तिथे त्या काम करत. १९०५ साली त्यांनी पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीची सगळी बीजं सारखी, नराची मात्र दोन प्रकारची, हे त्यांना दिसलं. एका प्रकारात एक गुणसूत्र अगदी बारकं, आणि त्या प्रकारातून नर होतो. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितलं. माणसातही असंच आहे. आईकडून एकाच तऱ्हेचं बीज येतं, बापाकडून दोनपैकी एक. गर्भ राहतो त्या क्षणी हा निकाल लागलेला असतो. आपली पाळी चुकली हे कळेपर्यंत तर किती दिवस गेलेले असतात. पीठ चाळताना किडे आपण जन्मभर बघितले, मैत्रिणींनो, आणि दोष मात्र स्वतःच्या कुशीला देत राहिलो.

मग पुडी निदान निरुपद्रवी तरी असते का? नाही. हरियाणात संशोधकांनी मुलासाठी घेतल्या जाणाऱ्या अशा औषधांचा अभ्यास केला. त्यांत शिवलिंगीचं बी, माजूफळ असे पदार्थ आढळले, आणि बाईच्या शरीरातल्या संप्रेरकांसारखं काम करणारी द्रव्यंही. ती घेणाऱ्या बायांत बाळ व्यंग घेऊन जन्मण्याचा आणि मेलेलं जन्मण्याचा धोका वाढलेला दिसला. आणि पुडी देतात कधी? दीड-दोन महिन्यांच्या गरोदरपणात, बाळाचे अवयव घडत असतात नेमक्या त्याच दिवसांत.

कायद्याचंही ऐका. लिंगनिवडीविरुद्धचा १९९४ चा कायदा फक्त सोनोग्राफीचा आहे असं पुष्कळांना वाटतं. २००३ पासून त्यात लिंगनिवडीची व्याख्या रुंद केली आहे: ठरावीक लिंगाचं मूल व्हावं म्हणून काहीही देणं, लिहून देणं, पुरवणं हे सगळं त्यात येतं. पुडीही येते. शिवाय आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो झाला. गर्भाचं लिंग बदलून देतो असा दावा करणं त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. एखादीवर करणीचा, चेटकाचा आळ घेणंही त्याच कायद्यात गुन्हा आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. झाडपाला ओळखणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या बाईकडे गाव औषधाला जातं, आणि गोठ्यातली म्हैस आटली की बोटही तिच्याकडेच दाखवतं.

तर आमच्या सुनेची गोष्ट. तिने पुडी घेतली नाही. सासूला आम्ही बैठकीला बोलावलं. भांडलो नाही. फक्त पिठातल्या किड्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला तीन मुली झाल्या, त्या मी केल्या नव्हत्या तर." आमच्यातलं कुणी काही बोललं नाही.

सुनेला मुलगीच झाली, प्राथमिक आरोग्य केंद्रात. नाळ नव्या पात्याने कापली. अळीव आम्ही नेले, डिंकाचे लाडू सासूने केले. पाचवीला पाटा-वरवंटा मांडला, कागद ठेवला, आणि सासूने स्वतः वेखंड-हिंगाची पोटली बांधून दाराच्या चौकटीला लावली. धुरी मात्र अंगणात, दार ओढून घेऊन.