सिगारची घट्ट ओढ : कारणे आणि उपाय

झुरका घेताना धूर सहज न येता जोर लावावा लागणे, या दोषाला सिगारची घट्ट ओढ म्हणतात. शहाळ्याचे पाणी पिताना नळीत मलईचा तुकडा अडकला की गाल आत जातात आणि पाणी मात्र वर येत नाही, तसाच हा प्रकार. ओढणारा मग अधिक जोर लावतो. त्यामुळे निखारा नको तितका तापतो, धूर कडवट होतो आणि थोडा विसावा घेतला की सिगार विझतो. धूर छातीत न घेताही तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारमध्ये असतोच; तेव्हा जोराने व वारंवार ओढणे हा या दोषावरचा उपाय नव्हे. दोष कोठे आहे हे आधी ओळखावे लागते, कारण त्यावरची काही इलाज-साधने अशी आहेत की चुकीच्या जागी वापरल्यास महागडा सिगार कायमचा वाया जातो.

हाताने वळलेल्या सिगारचे तीन भाग असतात : आतला गाभा, त्याला बांधून ठेवणारे पान आणि बाहेरचे तलम वेष्टण. क्यूबामध्ये गाभ्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारची पाने वापरतात. सहज जळणारे ‘व्होलादो’, सुगंधाचे ‘सेको’ आणि जाड, तीव्र, सावकाश जळणारे ‘लिहेरो’. लिहेरो मध्यभागी ठेवायचा असतो. तो एका बाजूला सरकला किंवा जास्त पडला, तर सिगार वाकडा जळतो आणि ओढही बिघडते.

घट्ट ओढीचे मूळ बहुधा हा गाभा जुळवण्याच्या क्षणी असते. प्रत्येक पान स्वतंत्र नळीसारखे गुंडाळून मग त्या नळ्या एकत्र बांधणे ही सर्वांत चांगली, पण वेळखाऊ रीत. तिला ‘एंतुबादो’ म्हणतात. पानांच्या निऱ्या घालून ती एकत्र करण्याचीही रीत आहे. तिसऱ्या रीतीत पाने पुस्तकाच्या पानांसारखी एकावर एक ठेवून सरळ गुंडाळतात. हे काम झटपट होते, परंतु हवेला जायला वाट कमी उरते. याखेरीज मधली शीर काढताना देठाचा तुकडा मागे राहणे, एखाद्या ठिकाणी पान दुमडून गाठ होणे, किंवा गुंडाळताना गाभ्याला पीळ पडणे ही नेहमीची कारणे. कारागिराला नगावर मजुरी मिळते, ही गोष्टही येथे विसरता येत नाही.

हवेची वाट किंचित अरुंद झाली तर ओढीत एवढा फरक का पडावा? अरुंद नळीतून वाहणाऱ्या हवेचे प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलते. वाट निम्मी झाली, की तेवढ्याच जोराने येणारी हवा सोळाव्या हिश्श्यावर येते. सिगारचा गाभा ही काही सरळ नळी नव्हे, पण तत्त्व तेच. म्हणून बारीक आणि लांब आकार अधिक दगा देतात. सिगारची जाडी इंचाच्या ६४व्या भागात मोजतात. ‘लान्सेरो’ आकार ३८ मापाचा, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर जाडीचा आणि १९२ मिलिमीटर लांबीचा. ‘रोबुस्तो’ ५० मापाचा, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर जाडीचा आणि १२४ मिलिमीटर लांबीचा. रोबुस्तोचा छेद पावणेदोनपट मोठा आणि लांबी पुष्कळ कमी. लान्सेरो निर्दोष वळणे ही कारागिराची खरी परीक्षा.

१९९०च्या दशकात जगभर सिगारची मागणी एकाएकी वाढली. क्यूबाने उत्पादन वाढवले, नवे कारागीर घाईने कामाला लावले आणि दशकाच्या अखेरीस घट्ट ओढीच्या तक्रारींनी त्या देशाच्या लौकिकाला धक्का दिला. त्यानंतर, या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत, तेथील कारखान्यांत ओढ तपासणारी यंत्रे आली. गाभ्यातून हवा खेचून तिला होणारा अडथळा यंत्रावर पाहतात. ही तपासणी वेष्टण चढवण्याच्या आधी होते, हे तिचे शहाणपण. नापास झालेला गाभा सोडून पुन्हा बांधता येतो.

कारागिराचा दोष नसतानाही ओढ घट्ट होते, ती दमटपणामुळे. तंबाखूचे पान हवेतली ओल शोषून फुगते आणि गाभ्यातल्या वाटा मिटतात. साठवणीसाठी ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता रूढ आहे. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे उघडा ठेवलेला सिगार तेथे काही दिवसांतच मऊ पडतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात उलट प्रकार, वेष्टण तडकते. पेटीतल्या आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवू नये. किंचित ओलावलेल्या मिठासोबत तो हवाबंद डब्यात दिवसभर ठेवावा. त्याने ७५ टक्के दाखवले तर तो बरोबर.

बोटांनी हलके चाचपल्यावर सिगार सर्वत्र सारखाच स्पंजासारखा मऊ लागत असेल, तर दोष ओलीचा समजावा. असा सिगार ६२ ते ६५ टक्के आर्द्रतेच्या बंद डब्यात दोन-तीन आठवडे ठेवला की बहुधा सुधारतो. उन्हात किंवा पंख्याखाली सुकवू नये, कारण बाहेरचे पान आधी आक्रसून फाटते.

एकाच ठिकाणी टणक लागत असेल, तर ती गाठ. तिच्यावर ओल कमी करून उपयोग नाही.

पेटवण्यापूर्वी तोंडाकडचे टोक कापून कोरडा झुरका घ्यावा. निमुळत्या टोकाच्या सिगारमध्ये पुष्कळदा कापच अपुरा असतो. आणखी एक-दोन मिलिमीटर कापले की काम भागते. मात्र टोपीच्या खांद्याखाली काप गेला तर वेष्टण उलगडू लागते. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या चिरुटांना ही अडचण नाही, त्यांची दोन्ही टोके मुळातच कापलेली असतात. चिरूट हा शब्दही तमिळच, गुंडाळणे या अर्थाच्या शब्दावरून आलेला. पोर्तुगीजांचा ‘शारूतो’ त्याच घरचा.

गाठीवर पहिला उपाय म्हणजे ती जागा चिमटीत धरून हळूहळू मळणे. तेवढ्याने न भागल्यास लांब, बारीक, खाचा असलेली सुई मध्यातून सरळ घालावी, किंचित फिरवावी आणि तंबाखूचे तंतू थोडे थोडे बाहेर काढावेत. नुसती गुळगुळीत सुई पाने बाजूला दाबते. वाट थोड्या वेळाने पुन्हा मिटते. सुई तिरपी गेली तर वेष्टण आतून फुटते. फार तंबाखू निघाला, तर घट्ट सिगारचा सैल सिगार होतो, आणि सैल सिगार भराभर, तापून जळतो. गाठ पेटवायच्या टोकाजवळ असेल तर सुई त्याच बाजूने घालावी. कधी कधी तो इंचभर जळून गेला, की ओढ आपोआप मोकळी होते.